दुकानाच्या दारातली मालमोटार

१४ मार्च १९५६, सकाळी साडेनऊ. परभणीत मोटारींच्या दुकानासमोर मी गंगाखेडच्या बसची वाट पाहत होतो. तेवढ्यात दोन बैलांनी ओढत आणलेली एक नवी, उघड्या हौद्याची छोटी मालमोटार दुकानाच्या दारात येऊन आडवी थांबली. मालक पोखर्णीकडचा मेंढपाळ होता. सगळा कळप विकून त्याने ती याच दुकानातून घेतली होती. त्याचे नाव मी विचारले नाही.

त्याने आवाज चढवला नाही. बोलताना तो उपरण्याच्या टोकाने टपावरची धूळ पुसत होता, आणि सगळा राग त्या हातात उतरला होता.

"सुरू केली की इष्टेरिंग हातात ठरत न्हाई. दातावर दात आपटायलेत. आन् खाली वाकून बघा, सांगाडाच चिरलाय."

दुकानदार हसून म्हणाला, "मामा, नवी आहे. नव्या नवरीसारखी थोडी थरथरणारच."

"थरथरू द्या की. पर थरथरून नवरीची कंबर मोडती व्हय? म्हून वरात माघारी आणली. पोरगी ठिवून घ्या, माजी मेंढरं द्या."

"दोष तुमच्या रस्त्याचा आहे," एवढे बोलून दुकानदार आत गेला.

खोटा माल विकून वर थट्टा करणाऱ्या त्या माणसाची चीड मला आजही आहे.

मेंढपाळाने बैल सोडले आणि मोटार दारातून हलू नये म्हणून बैलगाडीला लावतात तसे चाकांना दगड लावू लागला. तीन लागले, चौथा मिळेना. माझी बस आली आणि गेली. चौथा दगड मी लावला.