चहाबरोबरची सही

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की आमच्या हॉटेलात दोन गोष्टी हमखास मिळतात. एक चहा आणि दुसरी माझ्या सासऱ्यांची सही.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक गॅस. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं पोलीस ठाणं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर ठाणंही कळेल. एवढं सांगते की आमचं कोर्टाचं काम कळमनुरीला असतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या भागात सगळीकडं शिजलेल्या हळदीचा वास असतो.

पोलिसांना कुठं झडती घ्यायची असली, चोरीचा माल ताब्यात घ्यायचा असला, तर दोन पंच लागतात. म्हणजे गावातली दोन बरी माणसं, ज्यांनी ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पंचनाम्यावर तसं सही करून सांगितलं. कायद्याचा हेतू चांगलाच आहे. पण शेतात राबणारा माणूस या भानगडीत पडत नाही, कारण एकदा सही केली की कोर्टाच्या तारखा पाठ सोडत नाहीत. मग ठाण्यातले जमादार रस्ता ओलांडून यायचे, हातात लिहून तयार कागद असायचा, आणि म्हणायचे, "काका, जरा सही." सासरे टॉवेलला हात पुसायचे आणि सही करायचे. चौथी शिकलेले, पण सही मात्र झोकदार. त्यांचा जोडीदार ठरलेला, शेजारचा पानटपरीवाला. ज्या शेतात, ज्या घरात, ज्या पुलाखाली तो पंचनामा 'समक्ष' झाला, तिथं या दोघांचे पाय कधी लागलेले नसायचे.

सासूबाई चिडवायच्या, "यांची सही म्हंजे खारी हाय. पोलीस चहात बुडवून खातेत."

मामा हसायचे. मी सासऱ्यांना मामा म्हणते. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट गावात वजन होतं. पोलिसांच्या उठण्याबसण्यातला माणूस म्हणून लोक त्यांच्याकडं भांडणं घेऊन यायचे. आणि खरं सांगायचं तर त्या जमादारांचे आमच्यावर उपकार होते. नांदेड रोडला माझ्या नवऱ्याच्या टेम्पोला अपघात झाला, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात नुसती रडत बसले होते. रक्ताची सोय त्या माणसानं केली, म्हणून नवरा वाचला. त्यामुळं या हकिगतीत कुणी राक्षस शोधू नका, मलाही तो सापडलेला नाही.

मग नवा कायदा आला. आता झडती आणि जप्तीचा व्हिडिओ काढायचा, मोबाईलवर, पंचांच्या चेहऱ्यांसकट. ठाण्याच्या भिंतीवर त्याचा रंगीत फलक लागला. चौकात कॅमेरे लागले, एका शिपाई पोरीला व्हिडिओचं प्रशिक्षण देऊन आणलं. मला वाटलं, चला, आता तरी हा चहाबरोबरचा कारभार बंद होईल. जमादार आले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. म्हणाले, "काका, आता बसल्या जागी भागत न्हाई. संगं चलावं लागतंय."

इतक्या वर्षांत मामा पहिल्यांदा पंचनाम्याच्या जागी गेले. नवीन धोतर नेसून गेले, चेहरा व्हिडिओत येणार म्हणून.

चोरी हळदीची होती. आमच्याच ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरून, वाळवलेल्या हळदीची पोती गेली होती. संशय एका मजुरावर आला. तो तिथं हळद शिजवायच्या कामाला होता आणि मालकाशी त्याची बाचाबाची झालेली. दोन दिवस तो ठाण्यात होता. आता तो पोती लपवलेली जागा स्वतः दाखवणार होता.

मामा दुपारी परत आले आणि ग्लास विसळायला बसले. विसळलेलेच ग्लास परत विसळत होते. मी विचारलं, "काय झालं मामा?"

त्यांनी पाणी बंद केलं. मग म्हणाले, "त्यानं चुकीकडं बोट केलं गं."

झालं होतं ते असं. मजुराच्या झोपडीमागं दोन ढीग होते, एक गोवऱ्यांचा आणि एक पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा. शिपाई पोरीनं मोबाईल धरला. जमादारांनी विचारलं, माल कुठं ठेवलास ते पंचांसमोर दाखव. त्यानं गोवऱ्यांकडं बोट केलं. गोवऱ्या उचकल्या, खाली नुसती माती. जमादार म्हणाले, "बंद कर ते." मग त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "तिकडं, पऱ्हाट्यांकडं." तो व्हिडिओ पोरीनं पुसून टाकला. पुन्हा मोबाईल धरला, पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी त्यानं पऱ्हाट्यांकडं बोट केलं. पऱ्हाट्यांखाली पोती होती. मामांनी आणि टपरीवाल्यानं सही केली. व्हिडिओत सगळं स्वच्छ दिसत होतं, मामांचं धोतरसुद्धा.

"ज्यानं पोती ठेवली त्याला जागा ठाऊक नसंल व्हय?" मामा म्हणाले.

ती पोती तिथं कुणी ठेवली, हे मला आजही माहीत नाही. मामांनाही नाही.

त्या मजुराचा जामीन घ्यायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून तो जेलातच राहिला. त्याची बायको ठाण्यात चकरा मारायची. कडेवर लेकरू. आमच्याकडं पाणी मागायची, चहा दिला तर नको म्हणायची. एकदा तिनं मला विचारलं, "काका पंच हायेत ना? त्यांनी तर समदं पाह्यलंय." तिला वाटत होतं, पाहणारा माणूस आहे म्हणजे आपला नवरा सुटलाच. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मी आत जाऊन उगाच डबे पुसत राहिले.

कोर्टाची तारीख लागली तसे जमादार येऊन बसले. स्वतःहून विषय काढला. "काका, तो भ्यालेला होता म्हणून बोट चुकलं. चोर तोच हाय, मला शंभर टक्के ठाऊक हाय. वरून साहेब रोज इचारून राहिले. तुमी फक्त व्हिडिओत हाय तेवढंच बोला. त्यात खोटं काहीच न्हाई."

"आसंल बी तो चोर," मामा म्हणाले. एवढंच. जमादारांनी तोच होकार धरला आणि चहा संपवून गेले.

मला भीती वाटत होती. आमचं शेड रस्त्याच्या हद्दीत आहे, एक कागद निघाला तर दुपारपर्यंत जागा मोकळी होईल. शिवाय ते रक्ताचे उपकार. आणि दुसरीकडं ती पाणी पिणारी बाई. मामांना काय सांगावं ते मला सुचेना. त्यांनीही मला विचारलं नाही.

कळमनुरीला मी त्यांच्याबरोबर गेले. टपरीवाल्याची साक्ष आधी झाली. सगळं बराबर झालं, म्हणाला आणि मोकळा झाला. मग मामा उभे राहिले. सरकारी वकिलांनी व्हिडिओ लावला. पडद्यावर मामा दिसले, कडक, फोटोला उभं राहिल्यासारखे. तो मजूर पऱ्हाट्यांकडं बोट दाखवत होता.

"हे तुम्हीच ना?"

"व्हय, मीच."

"तुमच्यासमोर आरोपीनं माल काढून दिला?"

मामा पडद्याकडंच बघत होते. म्हणाले, "त्याच्या आधीचं दाखवा."

वकील म्हणाले, आधीचं काही नाही, एवढाच व्हिडिओ आहे.

"मंग मी सांगतो," मामा म्हणाले, आणि गोवऱ्यांचं सांगितलं. कुणी काय म्हटलं, मोबाईल कधी बंद झाला, पुन्हा कधी चालू झाला. सरकारी वकिलांनी उलटसुलट विचारलं. तुम्ही आरोपीला सामील आहात, पैसे घेतले, धमकी आली. मामांनी दर वेळी तेवढंच सांगितलं. पोती पोलिसांनी ठेवली का, असं आरोपीच्या वकिलानं आशेनं विचारलं, तर म्हणाले, "ते म्या पाह्यलं न्हाई. न पाह्यलेलं सांगणार न्हाई."

कोर्टानं त्यांना फितूर साक्षीदार ठरवलं. कायद्याचा शब्द आहे तो, म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्याविरुद्ध बोललेला. पण आमच्याकडं फितूर म्हणजे काय ते लेकरालाही कळतं. मागच्या बाकावर बसून मी तो शब्द ऐकला. आयुष्यभर न बघता सह्या केल्या तेव्हा हा माणूस विश्वासू होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी नेहमीसारखी किटली भरून ठाण्यात पाठवली. ती तशीच भरलेली परत आली. आमच्या शेडला अजून कुणी हात लावलेला नाही. जमादार रस्त्यात दिसले तर मान वळवतात, आणि मामांना त्याचं वाईट वाटतं, हे मला दिसतं. ज्याची हळद गेली तो शेतकरीही आमच्याकडं येत नाही. त्याचंही काही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

काही आठवड्यांनी निकाल लागला. मजूर सुटला. सुटल्यावर तो आणि त्याची बायको हॉटेलात आले. या वेळी तिनं चहा घेतला. तो खाली वाकला, मामांच्या पाया पडायला. मामा एकदम मागं सरले, ओट्याला धडकले, ग्लास खाली पडले.

"माझ्या पाया पडू नको," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तो मजूर गोंधळून उभाच राहिला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं.

ते दोघं गेल्यावर मी काचा गोळा करत होते. मामा बाकड्यावर बसून ठाण्याकडं बघत होते. तिथं भिंतीवर तो रंगीत फलक अजून आहे, हसऱ्या पोलिसाचं चित्र आणि त्याच्या हातात मोबाईल.

"हा एकच म्या डोळ्यानं पाह्यला," ते म्हणाले. "म्हणून सुटला. बाकीचे कितीक असतील, पोरी? त्यांनी कुनीकडं बोट केलं व्हतं, मला काय ठाऊक. म्या तर इथं चहा करून राहिलो व्हतो."