सुधाताईंचं ‘म्हणजे काय?’

माझ्या नावापुढे पदवी लागली ती सुधाताईंमुळे. हे त्यांना मी तोंडावर कधी नीट सांगू शकलो नाही, कारण असं एखादं वाक्य सुरू झालं की त्या “चहा टाकू का?” म्हणत उठायच्या. काही आठवड्यांपूर्वी त्यांची भाची मंजिरी हिचा बडोद्याहून फोन आला. “दादा, मावशी गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.” मी विचारलं, शेवटचं काही म्हणाल्या का? मंजिरी रडता रडता हसली. “डाळीत मीठ कमी आहे म्हणाली.” ... ताईंनी ऐंशी ओलांडली होती आणि शेवटपर्यंत कुणाकडून काही करून घेतलं नव्हतं. वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात कडवटपणा नव्हता.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील शिंपी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि अर्ध्यातून खाली उतरणाराही मीच. कामासाठी बडोद्याला आलो, छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो आणि फतेगंजात सुधाताईंच्या घरी वरची खोली मिळाली. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दप्तरात कारकून होते. त्या स्वतः कोर्टात दुभाषी होत्या. साक्षीदार मराठीत बोलला की त्याचं म्हणणं गुजरातीत सांगायचं, हे त्यांचं काम. मी आलो तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या आणि भाच्यानं दिलेल्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायच्या. ब्रॉडबँड तेव्हा नुकतं घरोघरी येत होतं. सयाजीगंजातल्या सायबर कॅफेत मला एका परदेशी विद्यापीठाची माहिती दिसली : घरबसल्या, ऑनलाइन, मानसशास्त्राची पदवी, आणि त्यात फॉरेन्सिक मानसशास्त्र, म्हणजे गुन्हा, साक्षीदार आणि आरोपी यांच्या मनाचा अभ्यास. मी नाव घातलं. वडील फोनवर म्हणाले, “वर्ग नाही, घंटा नाही, मास्तर दिसत नाही. हे कसलं कॉलेज? एकदा सोडलंस. हे तरी पुरं होणार का?” दुसऱ्यांदा अर्धवट राहिलं असतं तर मी पुन्हा पुस्तक उघडलंच नसतं, एवढं मात्र मला कळत होतं.

सायबर कॅफेतल्या गोंगाटात इंग्रजी व्याख्यानं डोक्यात शिरेनात. ते कळल्यावर ताईंनी कॉम्प्युटरवरचं स्वतःचं राज्य संध्याकाळपुरतं मला देऊन टाकलं. अट एकच, त्यांनाही ऐकू द्यायचं. मग आम्ही दोघं शेजारी बसायचो. पडद्यावरच्या प्राध्यापकांचं नाव त्यांनी ‘लाल टाय’ ठेवलं होतं. व्हिडिओ मध्येच अडकून चक्र फिरायला लागलं की त्या ओरडायच्या, “अरे बोल ना रे बाबा, उलटतपासणी थोडीच चाललीय!” मानसशास्त्रावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. “खून करणाऱ्याच्या मनात काय होतं ते तू फतेगंजात बसून लिहिणार आणि तो लाल टाय तुला मार्क देणार. मजा आहे!” साक्षीदाराची स्मृती कशी दगा देते हे मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहानं समजावत होतो. त्या म्हणाल्या, “सकाळी मी कुठली साडी नेसले होते?” मी छातीठोक सांगितलं, निळी. त्यांनी मागच्या दोरीकडे बोट दाखवलं. तिथे तपकिरी साडी वाळत होती. “बेस. जवा दे, जाऊ दे आता. धडा झाला तुझा.”

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता. साधी घटना पाहिलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची, त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत आणि मग त्याच्या बोलण्याचं विश्लेषण करायचं. आमच्या शेजारी शिर्केकाका राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेलं घर, मिशा अजून तशाच. त्यांच्या उभ्या स्कूटरला एका रिक्षानं धडक दिली होती. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “रिक्षावाला म्हणाला, ब्रेक लागला नाही. वर मला म्हणतो, ‘ए डोसा, बाजूला हो.’ मला खोटं लागलं.” डोसा म्हणजे म्हातारा, एवढं गुजराती मला येत होतं. खोटं म्हणजे खोटं, ते तर माझ्याच भाषेतलं. मी इंग्रजीत लिहिलं, रिक्षावाला खोटं बोलतोय अशी साक्षीदाराची खात्री होती. त्यावर पूर्वग्रह, अविश्वास, रागाचा स्मृतीवर परिणाम, असा चांगला लांबलचक इमला चढवला.

प्रकल्प नापास होऊन परत आला. परीक्षकांनी एकच प्रश्न लिहिला होता : ही खात्री तुम्हाला कुठून कळली? आता एकच संधी उरली होती. ती गेली तर पदवी नाही. मी ताईंना म्हणालो, “जाऊ दे. आपलं काम वर्कशॉपमध्येच. वडील बरोबर म्हणत होते.” त्यांनी मुलाखत मागितली, चष्मा लावून वाचली आणि खुर्चीत मागे रेलून इतकं हसल्या की ठसका लागला.

“हसताय काय?”

“शिर्क्यांकडे परत जा. नवीन काही विचारू नकोस. ‘खोटं लागलं’ म्हणजे काय, एवढंच विचार.”

“म्हणजे काय ते मला माहीत आहे, ताई.”

“तेच तर तुझं दुखणं आहे. कोर्टात परकी भाषा कधी नडत नाही रे, तिथे माणूस विचारतो. आपलीच वाटणारी भाषा नडते.” ... उत्तर मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी गेलो. शिर्केकाका झोपाळ्यावर होते. विचारलं तर ते माझ्याकडेच संशयानं बघायला लागले. “म्हणजे काय म्हणजे काय? तुमच्या गावाकडे माणसांना खोटं लागत नाही? मनाला लागलं रे! ब्रेक नसेल लागला बिचाऱ्याचा, यंत्र आहे ते. पण डोसा? मी अजून थंड पाण्यानं अंघोळ करतो!” मग मला समजलं. गुजरातीत वाईट वाटलं की ‘खोटुं लाग्युं’ म्हणतात आणि बडोद्याच्या मराठीनं ते कधीच घरात घेतलं होतं. काकांनी रिक्षावाल्याला खोटारडा म्हटलंच नव्हतं, ते नुसते दुखावले होते. मी सगळा इमला उतरवला आणि नवा प्रकल्प त्या दोनच शब्दांवर लिहिला. एकाच भाषेतली दोन माणसं एका वाक्यातून दोन वेगळे जबाब कसे ऐकतात, यावर.

आज मी समुपदेशक आहे. पोलिसांना जबाब द्यायच्या आधी भेदरलेल्या माणसांशी बोलणं हे माझं काम. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न मी दिवसभर विचारत असतो आणि दर वेळी तो मला ताईंच्या आवाजात ऐकू येतो. पदवीचा निकाल लागला तेव्हा मी गावी होतो. ताईंना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि फोन त्यांना आवडायचा नाही. म्हणायच्या, “अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी जुळवते. कोर्टात असं चालत नाही.” म्हणून पत्र लिहिलं. ताईंनी जपून ठेवलेलं ते पत्र मंजिरीनं परवा मला दिलं.

“ती. सुधाताईंस सा. न.

मी पास झालो. नवा प्रकल्प परीक्षकांना आवडला. त्यांनी लिहिलंय की साक्षीदाराला तुम्ही बोलू दिलंत. काल कॉम्प्युटरवर आलेला निकाल छापून आणला. बाबांनी तो कापडाचा पोत बघावा तसा बोटांत धरून बघितला. मग दुकान बंद केलं आणि हॉटेलात जाऊन सगळ्यांना चहा पाजला. कुणी विचारलं तर सांगतात, पोरगा पोलिसांचा डॉक्टर झाला. मी दुरुस्त करत नाही.

आई विचारते, तुमच्यासाठी काय पाठवू. मी म्हटलं, त्या काही घेणार नाहीत. तरी शेंगदाण्याची चटणी बांधली आहे.

सोमवारी येतो. आता अभ्यास संपला, म्हणजे संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसायला मला काही कारण उरलेलं नाही. कारण नसताना आलो तर चालेल का?

तुमचा,
वरच्या खोलीतला”