हिराबाईंचा साडेतीनचा नंबर

"अक्षरं हालत्यात, बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं."

हिराबाईंनी कागद कुलकर्णी बाईंना परत दिला. कार्यक्रम सुरू व्हायला पाऊण तास उरला होता.

दिवाळीआधीचा रविवार, नगरचा कापड बाजार. रस्त्यावर गाड्या बंद, दुकानं सजलेली. त्या संध्याकाळच्या विक्रीतला हिस्सा प्रौढ साक्षरता वर्गाला जाणार होता. माझं चष्म्याचं दुकान तिथंच आहे. वर्ग चालवणाऱ्या कुलकर्णी बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. उद्घाटन पुढाऱ्यानं नाही, हिराबाईंनीच करायचं, असा त्यांचा हट्ट. हिराबाई पंचावन्नच्या, बाजारात झेंडूच्या माळा विकतात. स्वतः लिहिलेल्या चार ओळी त्या माइकवर वाचणार होत्या.

"चष्मा आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमीच दिलाय की, डॉक्टर. दोन वर्सं झाली."

मी डॉक्टर नाही, ऑप्टिशियन. पण बाजारात ऐकतो कोण!

व्यापाऱ्यांचे पुढारी असलेले शेठ घड्याळ बघत म्हणाले, "झेपत नसेल तर राहू द्या. मी वाचतो."

हिराबाई खाली मान घालून म्हणाल्या, "उद्यापासून वर्गाला बी येत न्हाई, बाई. माझं डोस्कंच चालत न्हाई."

हिराबाई माळा ओवायला बसल्या. चष्मा लावून सुई पार नाकाशी नेली आणि एका झटक्यात दोरा घातला.

मी चमकलो. चाळिशीचा नंबर जास्त दिला की असंच होतं. नाकाजवळचं लख्ख दिसतं, वाचायच्या अंतरावरचं पुसट. चष्मा मागून तपासला, तर प्लस साडेतीन. या वयाला साधारण दोन पुरतो. इतका मी दिलाच कसा? माझी पद्धत ठरलेली होती. हातात अक्षरांचा चार्ट द्यायचा, वाचा म्हणायचं. दिसत नाही म्हणाले, की नंबर वाढवायचा.

"हिराबाई, तेव्हा चार्टवरचं दिसत नव्हतं ना?"

त्यांनी आवाज खाली आणला. "दिसत हुतं. वाचता येत नव्हतं. दुकानात चार मान्सं बसलेली, कसं सांगायचं?"

चोवीस वर्षांच्या धंद्यात इतका कानकोंडा मी कधी झालो नव्हतो. दुकानातून प्लस दोनचा तयार चष्मा घेऊन पळत आलो. या वेळी चार्ट दिला नाही. वाचताना कागद धरतात तेवढ्या अंतरावर सुई धरून दोरा ओवायला सांगितलं. ओवला. मग कागद दिला.

हिराबाईंनी पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं. "हालत न्हाईत की आता."

माइकवर त्या बोट ठेवून एकेक शब्द वाचत होत्या. तिसऱ्या ओळीला अडल्या. शेठ सांगायला पुढं झाले, तसा त्यांनी हात आडवा केला.

"थांबा शेठ. वाचते मी."

आणि वाचलं. शेवटची ओळ होती, 'आता या बाजारातल्या पाट्या मी वाचत जाते.' पहिली टाळी शेठनीच वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं कारण नाही.

बाजारानं त्या संध्याकाळी वर्गासाठी हात सैल सोडला. मी वर्गात जाऊन सगळ्यांचे डोळे तपासले. आणखी तिघींचे चष्मे माझ्याच हातचे निघाले, तेही जास्त नंबरचे. गुपचूप बदलून दिले. हिराबाईंचा वर्ग एक दिवसही चुकलेला नाही.

आता माझ्या टेबलावर चार्टशेजारी सुईदोरा असतो. दिसत नाही म्हणणाऱ्याच्या हातात आधी तोच देतो.