मागच्या दारचा ड्रम

पारनेरला आमच्या आळीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे घरात माणसं दोन आणि ड्रम पाच. चार मोरीत, पाचवा मागच्या दारी पत्र्याखाली. त्यातलं पाणी सहसा काढायचं नाही. एखादी पाळी चुकली तर असावं म्हणून भरून ठेवलेलं.

पावसाळा सरत आला की आरोग्यसेविका बॅटरी घेऊन घरोघर फिरायची. ड्रममध्ये झोत टाकायची आणि अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायची. मोरीतले ड्रम मी दाखवायचो. मागे काही आहे का, असं तिनं विचारलं की नाही म्हणायचो. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. अंडं, अळी, कोष, डास ही चित्रं फळ्यावर कितीदा तरी काढली. आमच्याकडे जेवढ्या दिवसांनी पाणी येतं, साधारण तेवढ्याच दिवसांत डास तयार होतो, हेही ठाऊक होतं. पण भरलेला ड्रम ओतायला हात धजत नव्हता. ती बाई गेली की बायको म्हणायची, "मास्तरच थापा मारायला लागले, मग पोरांना काय बोलायचं?"

डेंगू तिलाच झाला. रात्री आम्ही मच्छरदाणी लावत होतो. हा डास दिवसा चावतो, आणि ती दुपारी मागच्या दारीच धान्य निवडत बसायची. चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्हाला वाटलं, सुटलो. ताप उतरल्यानंतरचेच दोन दिवस जपायचे असतात, हे मला दवाखान्यात कळलं. तोवर उशीर झाला होता.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत. बायकांनी मोरीतले चारही ड्रम ओतून दिले. मागच्या ड्रमापाशी मात्र माझी थोरली बहीण थांबली. ते काही प्यायचं पाणी नाही, दहाव्याला पाहुणे येतील, पाणी कुठून आणायचं, असं ती म्हणाली. मी ड्रमावरचं फडकं नीट केलं.

सहाव्या दिवशी आरोग्यसेविका आली. बॅटरी तिनं पिशवीतून काढलीच नाही. संगमनेरहून आलेल्या माझ्या लेकीजवळ थोडा वेळ बसली, घरात आणखी कुणाला ताप आहे का विचारलं आणि उठली. तेवढ्यात माझी चार वर्षांची नात पाय खाजवत मागच्या दारातून आत आली. भरदुपारची वेळ.

मी म्हणालो, "ताई, मागे एक ड्रम आहे. तुम्हाला कधी दाखवला नाही."

तिनं फडकं बाजूला केलं आणि झोत टाकला. वरच्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. ड्रम कलता करायला तिनंच हात लावला. बहीण कडेला उभी राहून वाहून जाणारं पाणी बघत होती.

"नुसता ओतून भागत नाही, सर," आरोग्यसेविका म्हणाली. "आतनं घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी मरत नाहीत."

बहिणीनं आत जाऊन काथ्या आणला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "वाकून घास. तळाला हात पोचंना तर आडवा कर."

दहाव्याला शेजाऱ्यांनी पाणी दिलं. लेक संगमनेरला परत गेल्यावर पंधरा दिवस मी रोज सकाळी फोन करून नातीचं अंग गरम आहे का, एवढंच विचारत होतो. तिला काही झालं नाही. तो ड्रम आता मोरीत आहे, आणि दर शुक्रवारी मी पाचही ड्रम घासतो.