थोरल्यांचा सर्व्हर

गल्लीत सगळे त्यांना थोरले म्हणत. धाकटा कुणी पाहिला नव्हता, पण थोरले म्हटलं म्हणजे धाकटा कुठेतरी असणारच, एवढं लोकांना कळत होतं. एकदा दूधवाल्याने त्याची चौकशी केली, तर थोरल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा दूध न देताच पुढच्या दारी गेला.

थोरल्यांचा सारा जन्म एका स्टुडिओत रेकॉर्डिंग साफ करण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यांनी आतल्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरचा फाइल सर्व्हर केला. बाहेरच्या माणसाने आपल्या घरी बसून नाव-पासवर्ड टाकायचा, फाइल आत आणून ठेवायची. थोरल्यांनी ती साफ करून 'तयार' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, त्याने तिथून उचलायची. आणि बाहेरचा माणूस तरी कोण, तर एकटा धाकटा. तो दुसऱ्या शहरात व्हायोलिन वाजवायचा आणि कार्यक्रमांसाठी लागतं म्हणून घरीच रेकॉर्डिंग करून पाठवायचा.

मग आई गेली. धाकटा उशिरा पोहोचला आणि दवाखान्याच्या पायरीवर, चार माणसांत, थोरले त्याला नको ते बोलले. त्या दिवसापासून अबोला. फोन बंद, येणंजाणं बंद. थोरल्यांना वाटलं, संपलं. पण महिनाभराने सर्व्हरवर एक फाइल येऊन पडली. त्यांनी ती मुकाट्याने साफ करून ठेवली, दुसऱ्या दिवशी ती उचललेली होती. पुढे चार वर्षं हेच. दोन शिकलेसवरलेले भाऊ, आणि संबंध काय तो एका डब्यामार्फत. हसावं की कपाळाला हात लावावा, तुम्हीच ठरवा.

पण थोरल्यांचा आठवडा त्या एका फाइलवर उभा होता. व्हायोलिनच्या मागे कुकरच्या शिट्ट्या असत, खुर्ची करकरे, धाकटा मधेच खोकला तर तोही असे. हे सगळं काढून टाकणं हेच त्यांचं काम. काढायच्या आधी मात्र ते तीन-तीनदा ऐकत. धाकट्याने घर बदललंय, हे त्यांना खोलीच्या घुमण्यावरून कळलं होतं.

एक दिवस व्होल्टेज वाढलं आणि राउटर जळाला. इंटरनेट कंपनीचा माणूस आला, नवा डबा लावून म्हणाला, "काका, चालू झालं बघा." हिरवा दिवा लागला, थोरल्यांनी त्याला चहा पाजला.

गोची इथेच झाली. राउटर म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. अमक्या पोर्टवर, म्हणजे अमक्या नंबरच्या दारावर, कुणी आलं तर त्याला आतल्या खोलीतल्या मशीनकडे पाठव, असं त्याला सांगून ठेवावं लागतं. जुन्याला थोरल्यांनी कधीकाळी सांगितलेलं होतं. नव्याला कुणी काही सांगितलं नाही. तो आलेल्याला परत पाठवत राहिला आणि घरमालकाला त्याचा पत्ता नाही.

फाइल येईना तेव्हा थोरल्यांनी सर्व्हर तपासला नाही असं नाही. रोज तपासला. बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फोल्डर झटक्यात उघडलं. घरातल्या घरात फिरणाऱ्याला पहारेकरी कशाला अडवेल? उभी हयात यंत्रांत घालवलेल्या माणसाला हे सुचू नये. पण त्यांना सुचलं ते वेगळंच: सर्व्हर ठीक आहे, म्हणजे धाकट्यानेच तोडलं. नाही तर नाही, ते मनाशी म्हणाले. आणि रोज 'तयार' उघडून जुन्या फायली ऐकत बसायला लागले.

असे किती महिने गेले कोण जाणे. त्या काळात घरात त्यांचा स्वतःचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही. फार एकटे पडले ते, आणि हे कबूल करण्याइतकेही मोकळे नव्हते.

मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर यायला उशीर होता, तेव्हा त्यांनी जुनं एखादं रेकॉर्डिंग ऐकावं म्हणून फोन काढला. धाकट्याला दिलेला बाहेरचा पत्ता टाकला. चक्र फिरत राहिलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. त्यांना त्यांच्याच घरात जाता येईना. कंपाउंडरने दोनदा नाव पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारायच्या आत थोरले रस्त्यावर होते.

घरी येऊन त्यांनी राउटरमध्ये पोर्ट उघडला आणि वायफाय बंद करून जिन्यातून फोनवर पाहिलं. आता नाव-पासवर्ड चालला, पण फायलींची यादी येईना. मग आठवलं, ओळख एका पोर्टवर पटते, माल दुसऱ्याच पोर्टांवरून येतो. तेही उघडले. यादी आली.

धाकटा आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. बंद दारावर किती काळ टकटक करणार माणूस? आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती. थोरल्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"हं, दादा," धाकटा म्हणाला.

"राउटर बदलला होता," थोरले म्हणाले. "बाहेरून येणारं सगळं अडत होतं. मला कळलंच नाही. मी आतूनच बघत होतो."

"मला वाटलं, तू बंद केलंस."

"फोन करायचास."

"फोन केला तर बोलावं लागतं."

"आता उघडंय. पाठव. कार्यक्रम खोळंबले असतील तुझे."

"कार्यक्रम कुठले, दादा? आई गेल्यावर एकही केला नाही. बोटं चालत नाहीत पहिल्यासारखी." धाकटा थांबला. "तुझ्याकडे पाठवायला काहीतरी हवं, म्हणून वाजवत होतो. तुझं दार लागलं, मग व्हायोलिन देऊन टाकलं."

थोरल्यांनी खुर्ची ओढून घेतली. दवाखान्याच्या पायरीवर बोललेलं सगळं आता परत घ्यायचं होतं.

"फोन ठेवू नकोस," ते एवढंच म्हणाले.

"नाही ठेवत," धाकटा म्हणाला.