मला न ऐकू आलेली कुई

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी, वरून उघडी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार घेतली. अमरावतीहून चांदूर बाजारला पहिली चक्कर मारायची ठरली, तर डोक्याला ओढणी घट्ट बांधून बायकोच आधी जाऊन बसली.

वाटेत म्हणाली, "आवो, हे कुई-कुई काय वाजून राह्यलं?"

"काई नाई. जुनी गाडी हाय."

मला इंजिन ऐकू येत होतं, वारा ऐकू येत होता. कुई काही सापडेना. तिला मात्र गिअरच्या दांड्याखालून बारीक आवाज येत होता. मी गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. तरी तिचं तेच, "हाये अजून." शेवटी वैतागून म्हणालो, "तुले भास होते." ती गाडीत बसेनाशी झाली, आणि एकट्याने फिरण्यात काही मजा येईना.

मग तिची समजूत काढून गाडी अकोल्याला नेली. तिथे माझ्या जुन्या दोस्ताचं गॅरेज आहे. त्याने विचारलं, "भाभी, कैसा आवाज?"

बायकोने तोंडाने असा काही आवाज काढला की टायर बदलणारा माणूसही वळून पाहू लागला. वर म्हणाली, "यायनं क्लच दाबला का बंद होते. सोडला का पुन्हा सुरू."

"हे मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"

दोस्त खूश झाला. "मंग तं गिअरबॉक्सचं बेअरिंगच. क्लच दाबला का त्याचं फिरनं थांबते." तो गाडीत बसून क्लच दाबू-सोडू लागला. "आला... गेला... आला," दोघं एका सुरात म्हणत होते. मला सगळं सारखंच.

दोस्ताने इंजिन बंद केलं. "भाऊ, तुले खरंच नाई येत?"

बायकोचं हसू थांबलं. ती चहा येईपर्यंत माझा हात धरून बसली.

गिअरबॉक्स उघडला, तर बेअरिंग खरंच झिजलं होतं. ते बदललं. नंतर मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बारीक आवाज माझ्यापुरते संपत चालले होते. यंत्र घेतलं, पण उघड्या गाडीत त्यात नुसता वारा घोंगावतो, म्हणून गाडी चालवताना काढून ठेवतो.

परवा चिखलदऱ्याच्या घाटात तिने अचानक गाडी थांबवायला लावली.

"आता काय वाजते?" मी धसकून विचारलं.

"काई नाई. पाखरू बोलून राह्यलं."

मी इंजिन बंद केलं. ती मान वाकडी करून ऐकत राहिली, आणि मी तिच्याकडे पाहत राहिलो.