आनसाबाईंचं डांगर आणि पहिला घाव

मंडईतला दुसरा भोपळाही पाणचट निघाला, तेव्हाच ठरवलं, आता थेट शेतावर जायचं. आई दोन महिने अंथरुणावर होती. उठून बसल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली, घारगे. पहिल्या भोपळ्याचे चामट झाले, दुसऱ्याचे तेलात विरघळले. "राहू दे गं," म्हणून तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. ते 'राहू दे' मला सहन होईना. तिच्याकडं येणारी नर्स लोहाऱ्याकडची. ती म्हणाली, "ताई, माझ्या मावशीच्या रानात जा. डांगर काय असतं ते बघा." लाल भोपळ्याला तिकडं डांगर म्हणतात.

शनिवारी सकाळी सोलापूरहून उमरग्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीची जागा, हायवेला ट्रकांची न संपणारी रांग. मी लग्नाला निघाल्यासारखी खुशीत होते. उमरग्याच्या स्टँडजवळ गरम सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा नाश्ता पोह्यांपेक्षा सरस आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे. पुढं लोहाऱ्याची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तासभर हाताशी ठेवूनच निघा.

"ताई, सरका जरा. अजून दोघं बसतेत."

"कुठं? माझ्या मांडीवर?"

"तुम्ही व्हय म्हणलाव तर तिथंबी बसतेत," ड्रायव्हर म्हणाला. सगळी जीप हसली.

मावशी म्हणजे आनसाबाई. साठीच्या, पदर खोचलेल्या. वेल सुकत आले होते आणि काळ्या मातीवर जिकडं तिकडं डांगरं उघडी पडली होती. मी धावतच सगळ्यात मोठ्या, चकचकीत डांगरापाशी गेले.

"त्ये नका घेऊ."

"का? तेज तर बघा त्याचं."

"तेज वरनं हाय, भाषणावाणी. आत काय हाय, कुणाला ठावं?" मी भाषणं करते, हे भाचीनं फोनवर कळवलेलं दिसत होतं.

मग त्यांनी शिकवलं. देठ हिरवा नको, वाळून लाकूड झालेला हवा. सालीवर नख दाबलं तर रुतता कामा नये. मातीला टेकलेली बाजू पिवळी पडलेली हवी. आकाराच्या मानानं वजन जास्त. शेवटी बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान लावायचा. पिकलेलं डांगर आतून घुमतं.

"मग कापूनच दाखवा," मी म्हणाले.

"बापू येऊ द्या." बापू म्हणजे त्यांचे यजमान, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणायला लोहाऱ्याला गेलेले. अख्ख्या डांगरावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, ही रीत. "चाळीस वर्सं आवाजावर निवडते मी. पर आतला रंग पहिल्यांदा बघत्यात ते बापूच."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ज्या हातांनी बी टोचलं, पाणी दिलं, राखण केली, त्याच हातांना घाव घालायची बंदी कुणी केली? मी चांगली दहा मिनिटं बोलले. आनसाबाई गवत उपटत ऐकत होत्या.

"झालं का? पाणी देऊ?"

मी त्यांचा कोयता उचलला आणि ते चकचकीत डांगर फोडलं. आत फिकट गर, मऊ पांढऱ्या बिया. मी कोयता हळूच खाली ठेवला.

"बाईनं कापलं म्हणून न्हाय हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "कच्चं हुतं म्हणून."

तेवढ्यात बापू आले. "कुणी फोडलं हे?"

"पाव्हणीनं. भाषणाच्या भरात."

त्या कच्च्या डांगराचीच भाजी झाली. भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती मला मुकाट्यानं खावी लागली, आणि ती उत्तम होती. माझं म्हणणं मी आजही मागं घेत नाही, पण ते पटवायला मी एक पोर डांगर मारलं हेही खरं.

जाताना आनसाबाईंनी एक डांगर हातात दिलं. वाकडं, मळकट, राख फासल्यासारखं. मंडईपेक्षा निम्म्या भावात.

"हे आतून बघता येईल?"

"कापलं की टिकत न्हाय. माझ्या कानावर इस्वास ठिवा."

परतीच्या जीपमध्ये ते मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हर तोच. "आता मांडीबी भरली," म्हणाला. सोलापूर येईपर्यंत मी दहादा तरी ते ठोकून पाहिलं असेल.

रविवारी आई म्हणाली, "मंडईच्या फोडी होत्या, हे अख्खं आहे. तुझ्या भावाला बोलाव. पहिला घाव तो घालेल." मी तोंड उघडलं.

"भाषण नको," ती म्हणाली. मग तिनं ते डांगर स्वतःकडं ओढलं. "सुरी आण."

तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून वरून मी हात ठेवला. साल करकरली आणि डांगर उघडलं. आत गच्च, गडद केशरी. आई वाकून बघतच राहिली. घारगे टम्म फुगले. दोन खाऊन तिनं तिसरा मागितला.

आनसाबाईंना लगेच फोन केला.

"कसं निघालं?"

"केशरी. आणि आईनं कापलं."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात प्रश्न आला, "कापताना हाताला कसं वाटलं?"

मी फोन आईच्या कानाला लावला.